दहावा माणूस

बडनेरा स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघताना ते शेजारी येऊन बसले. मांडीवर मोर्शीची संत्री, उरलेल्या चार केसांना पिनेनं अडकवलेली इवलीशी टोपी. अमरावतीचे ज्यू.

"आमच्यात दहा माणसं जमल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही. कमी पडले का मले फोन येते."

या फोनांपायी त्यांनी कोची, कोलकाता, पुणे, सगळीकडची जुनी सिनेगॉग पाहिली होती. काय पाहिलं विचारलं, तर म्हणाले, "पंखे. वाट पाहताना वरच पाहतो मी."

मागे अलिबागला नऊ जण जमले होते. त्यातला एक यांना आणायला स्टँडवर गेला, आणि हे मागच्या गल्लीनं पोचले. पुन्हा नऊच. मग त्याला आणायला हे निघाले!

मी वैतागलो. "अहो, बसून राहायचं ना एका जागी!"

"बसाले काय, घरीबी बसता येते भाऊ. पण तो मले शोधून राहिला होता ना."

गाडी आली. गर्दीत ते दिसेनात, म्हणून चढलेला मी खाली उतरून त्यांना शोधू लागलो. गाडी सुटली. ते खिडकीत होते.

"तिथंच थांबा!" ते ओरडले. "मूर्तिजापूरले उतरून तुमाले न्याले येतो!"

आणि मी थांबलो.