खोबरं जळताना

आमटीला उकळी फुटली आणि मी नकळत सुनेला म्हणाले, "मुक्ता, खालून जरा कढीपत्ता आणतेस का?" कढीपत्ता ओट्यावर समोरच होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला एकदम माझ्या सासूबाईंची पाठ आठवली.

कटाची आमटी उकळायला लागली की त्याही मला असंच काहीतरी आणायला पिटाळायच्या, आणि मी वळायच्या आत शेगडीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एकदा शेजारचं फाटक बंद होतं म्हणून मी लगेच परतले, तर चिमट्यात धरलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा चक्क पेटलेला. "अहो आई, जळतंय!" मी ओरडले.

"जळू दे. कुटून आमटीतच घालायचंय. पण कुणाला बोलू नकोस, करपवते म्हणतील."

म्हणजे ते गुपित नव्हतंच, लोक हसतील ही धास्ती होती. घराघरांतल्या किती चवी अशा पाठीआड राहून संपल्या असतील! सासूबाईंच्या चकल्यांचं तसंच झालं. त्या गेल्या आणि चकल्याही गेल्या. मी दर दिवाळीला तळते, दर दिवाळीला मऊ पडतात.

आमटीचं तसं मी होऊ देणार नाही. मी बाजूला सरकले आणि चिमटा मुक्ताच्याच हातात दिला. खोबऱ्याने पेट घेतला तशी ती दचकली. "आई, जळतंय!"

"जळू दे," मी म्हणाले. "आणि विचारेल त्याला सांग."