साडूंचा पासवर्ड

नव्या कुलपाबरोबर आलेल्या किल्लीवर विश्वास न ठेवणारा माणूस कराडपासून सांगलीपर्यंत एकच झाला, आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू निघाला. "कंपनीनं दिलेली किल्ली म्हंजी साऱ्या गावाची किल्ली," असं ते म्हणत. माझ्या लग्नात आहेरात आलेल्या सुटकेसच्या कुलपाचे आकडे त्यांनी मांडवातच बदलले आणि कुणाला न सांगता ते मलकापूरला निघून गेले. माझे सगळे नवे कपडे त्या सुटकेसमध्ये. सत्यनारायणाला मी वडिलांच्या धोतरात बसलो.

लष्करातून सिग्नलचे हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर, नव्वदीच्या दशकात, ते आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत लागले. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे तिथे नुकतंच कॉम्प्युटर ठरवू लागला होता. त्या प्रोग्रॅमबरोबर काही खाती तयारच आली होती: एक मुख्य, एक शिकाऊंचं, एक पाहुण्यांचं. आणि तो प्रोग्रॅम जिथे जिथे बसवला होता तिथे त्यांचे पासवर्ड तेच! हे कळलं त्या दिवशी साडूंना जेवण गेलं नाही. "ह्यो पावना बोलावला कुणी?" म्हणत त्यांनी पाहुण्याचं खातं बंद केलं, शिकाऊंचं बंद केलं, मुख्य खात्याचा पासवर्ड बदलला. एका संचालकाच्या पुतण्याला आपला ऊस सगळ्यांच्या आधी तोडून हवा होता. जुना पासवर्ड टाकून टाकून तो थकला आणि गुपचूप आपल्या पाळीची वाट बघत बसला. मला तर साडूंचा भलताच अभिमान वाटला.

पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. "उद्या तुम्हाला काही झालं तर?" असं कारखान्याच्या साहेबांनी विचारलं. "घरी मंडळींना सांगून ठिवलंय. यम आला तरी तिच्या तोंडातनं निघायचं न्हाई," साडू छाती फुगवून म्हणाले.

ऐन हंगामात साडूंचं अपेंडिक्स बळावलं. त्यांना ऑपरेशनला मिरजेला नेलं, आणि त्याच दिवशी प्रोग्रॅम अडला. तोडीच्या चिठ्ठ्या निघेनात, तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात बसून राहिल्या. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सवयीने जुना पासवर्ड टाकला आणि हात टेकले. साहेब जीप घेऊन थेट दवाखान्यात आले. साडू आत बेशुद्ध, बाहेर बाकावर मी आणि अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी.

"आवं, ठावं हाय मला," अक्का पदर सावरत म्हणाल्या, "पर त्ये ह्यांचं ल्हानपणीचं नाव हाय. सासूबाई हाक मारायच्या त्ये. मी कसं घिऊ?"

"लिहून द्या," साहेब म्हणाले.

"लिवलं तरी घेतल्यागतच की."

साहेब रडकुंडीला आले. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, उखाण्यात घ्या." अक्का उठल्या, भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

"मिरजेच्या दवाखान्यात देवापुढं दिवा,
छकुल्याचं नाव घेते, कारखाना चालू व्हावा!"

सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचे आमचे हवालदार छकुल्या! साहेबांनी हसू दाबत फोन गाठला आणि तासाभरात चिठ्ठ्या निघू लागल्या.

संध्याकाळी साडू शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. "पासवर्ड बदलाया सांगा आधी," ते पुटपुटले. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पावणं, आई गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई बगा." मग अक्कांकडे वळून हळूच म्हणाले, "परत एकदा म्हण की."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी आणतो म्हणून मी तांब्या घेऊन बाहेर आलो. माझ्यामागे दार लोटता लोटता अक्कांचा आवाज कानावर आला. या वेळी उखाणा नव्हता, नुसती हाक होती.