डलहौसीची वाट आईनं ठरवली

मंडळी, हिमाचलात डलहौसीला जायचं कसं, यावर आज आमच्या घरात सकाळपासून वाद. मी म्हणलो, हैदराबादहून विमान. बायको म्हणली, आधी दिल्ली, पुढं बस. बाबा गेल्यापासून कुठंच न जाणारी आई म्हणली, "पोराला घेऊन तुम्ही तिघं जाऊन या. मी घर बघते."

तेवढ्यात शेजारच्या कौर आंटी आल्या. "आपल्या नांदेडहून अमृतसरची थेट गाडी हाय की! पुढं टॅक्सी. वाटंत स्टेशनावर लंगर मिळतो, ताट तेवढं घरचं न्यायचं."

आई उठून आत गेली.

दुपारी बघतो तर ओट्यावर घासलेली ताटं पालथी. तीन नाही, चार!

तिकडं थंडी लई असती का हो? आईला स्वेटर घ्यायचंय.