बाबूअण्णाचा पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवून दोनदा चामराजपेटेत बाबूअण्णाच्या घरी गेलो—आणि कॉफी पिऊन परत आलो. आता थकलोय. तुम्ही ऐका.

मी गाड्यांचा मिस्त्री. निपाणीहून आलो, येलहंक्यात गॅरेज टाकलं, तीस वर्षं हातानं गिअर टाकायच्या गाड्या दुरुस्त केल्या. मग ऑटोमॅटिक आल्या. त्यातलं मला फारसं कळत नव्हतं. पण एवढ्या वर्षांनी 'कळत नाही' असं कोण म्हणतं?

बाबूअण्णा एका केटररचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. मालकानं नवी ऑटोमॅटिक घेतली आणि तिच्यामागे स्वयंपाकाचा ट्रेलर जोडला—शेगड्या, सिलिंडर, हंडे, सगळं त्यात. एका दुपारी बाबूअण्णा गॅरेजवर आला. म्हणाला, "अण्णा, नंदी डोंगराच्या चढाला ती सारखी गिअर बदलते, वास पण येतोय. मी खालचा गिअर धरून नेऊ काय? स्वल्प बघून सांगा की."

त्याला बरोबर उमगलं होतं—नुसत्या कानानं आणि नाकानं. आणि मी हसलो. चार गिऱ्हाइकांसमोर हसलो. म्हटलं, "गिअर डी-मध्ये ठेव आणि गप बस. गाडी तुझ्यापेक्षा शहाणी आहे." तो "सरी, बरं," म्हणाला आणि गेला.

महिन्याभरात गिअरबॉक्स जळाला. गाडी ओढून माझ्याकडेच आणली. तेल काढलं तर काळंकुट्ट, करपल्याचा वास. मालक दुसऱ्या दिवशी येणार होता. तेव्हा कुठे मी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढून वाचलं. गोष्ट साधी होती. मागे ओझं असलं की चढावर गाडीचं एक काही ठरत नाही—वरचा गिअर टाकते, दम लागला की खालचा, परत वरचा. दर वेळी आतल्या प्लेटी घासतात, तेल तापतं, शेवटी जळतं. म्हणून चालवणाऱ्यानं खालचा गिअर स्वतः धरून ठेवायचा. बाबूअण्णा म्हणाला होता, तेच.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मालकानं विचारलं त्या सकाळी मला सगळं ठाऊक होतं.

मी म्हणालो, "ड्रायव्हरचा पाय जड आहे. ॲक्सिलरेटर फार दाबतो."

एवढंच. बाबूअण्णा तिथंच उभा होता. मी त्याला काय सांगितलं होतं, ते त्यानं बोलून दाखवलं असतं तर? पण तो खाली आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला. त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. गाडी जाळणारा म्हणून नाव झालं, मग दुसऱ्या कुणी ठेवलं नाही.

मला वाटायचं, तो मनातून मला ओळखून आहे, भिडेपोटी गप्प आहे. तसं असतं तर बरं होतं—निदान दोघांना तरी खरं माहीत असतं. पण तो दर दसऱ्याला आयुधपूजेसाठी गॅरेजवर येतो, माझ्या पान्यांना कुंकू लावतो, माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो.

गेल्या आयुधपूजेला त्याच्या जावयानं नवी गाडी गॅरेजवर आणली. ऑटोमॅटिकच. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि ती चिरडायचा मान म्हणून जावयानं किल्ली सासऱ्यापुढे धरली. बाबूअण्णानं हात मागे घेतला.

"नको," म्हणाला. "माझा पाय जड आहे. अण्णांना विचार."

जावयानं माझ्याकडे बघितलं. मी 'हो, खरंय' म्हणून मान हलवली.