आत्याची पानफुटी

आत्याकडे येणारी निम्मी माणसं एक हात कमरेवर ठेवूनच जिना चढत. मल्हारगंजातल्या तिच्या गच्चीवर पानफुटीच्या कुंड्या होत्या. आमच्या इंदूरकडे तिला पत्थरचट्टा म्हणतात. मूतखड्यावर, तिच्या भाषेत पथरीवर, आत्या ती पानं फुकट देई.

आधी उलटतपासणी, तीही भैयाचं इंदुरी 'भिया' करून. "पाणी किती पितोस, भिया? चहा सोडून सांग." कुणी बढाई मारली की म्हणे, "मग पथरी काय माझ्या घरून आली?" मला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो, म्हणून एकदा विचारलं, पानांनी गुण येतो किती जणांना? ती म्हणाली, "ज्यांची पथरी पडते ते पेढे घेऊन येतात. ज्यांची नाही, ते परत येतच नाहीत. मला काय ठाऊक?"

माझ्या बायकोला, मेधाला, सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीत मूत्रनळीत अडकलेला खडा दिसला. तुकोगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला चालेल असं दुखण्यावरचं औषध दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. खडा बहुधा आपोआप पडेल. ताप आला तर मात्र ताबडतोब या, म्हणाल्या. मेधाला ना बसवे, ना आडवं होता येई. तिला पाहून आम्हीही थकलो. शेवटी मेधाची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी आत्याकडे गेलो.

आत्यानं कुंडीला हात लावला नाही. "गर्भारणीला नाही देत."

"गल्लीभर वाटता, आणि घरच्या पोरीला नाही?" सासूबाई म्हणाल्या.

"पोटातल्याला हे सोसेल की नाही, मला माहीत नाही, विहीणबाई. माहीत नाही ते कसं देऊ?"

सासूबाईंनी बोलणं टाकलं. आत्या मात्र पिशवी भरून आमच्याकडेच राहायला आली. मेधाला घोट घोट पाणी पाजायची, आणि खडा पडला तर दिसावा म्हणून लघवी गाळून बघायची. त्यासाठी वेगळ्या काढलेल्या गाळणीवरून मला दम, "यातून चहा गाळलास तर बघ!"

एका दुपारी मेधा चादर ओढून कुडकुडायला लागली. "पंख्याचा वारा लागला असेल," सासूबाई म्हणाल्या. आत्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "रिक्षा आण."

लघवी तुंबून संसर्ग झाला होता. संध्याकाळपर्यंत मूत्रनळीत बारीक नळी घातली. खडा बाळंतपणानंतर काढायचा ठरला. नळी टोचे, मध्ये एकदा बदलावीही लागली. ते दिवस आठवले की अजून अंग जड होतं. मुलगी पुऱ्या दिवसांची झाली. सासूबाईंनी ती आधी आत्याच्या मांडीवर ठेवली.

आत्या गेल्या वर्षी गेली. कुंड्या आता आमच्या बाल्कनीत आहेत, आणि लोक इथेही शोधत येतात. परवा परदेशीपुऱ्यातून एक तरुण आला.

"आत्याजींची पानं मिळतील का, भिया?"

"कोणासाठी?"

"बायकोसाठी. पाचवा चालू आहे तिला."

मी कुंडीला हात लावला नाही.

"थंडी-ताप?"

"सकाळपासून अंग गरम आहे थोडं."

मी चपला पायात सरकवल्या. "चल," म्हटलं, "रिक्षा बघू."