लाल अस्तराची निळी मोटार

प्लास्टिकची मोटार थिनरने पुसू नये. हे वाक्य मोटारीच्या खोक्यावर तीन भाषांत छापलेलं होतं आणि त्यांतल्या दोन मला येतात.

मी जयपूरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा रेल्वेत पेंटर आहेत. डब्यांना रंग देणं आणि त्यांच्यावर अक्षरं लिहिणं हे त्यांचं काम. आमचं मूळ बडनेऱ्याचं, पण बाबांची बदली झाली तसे आम्ही इकडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो आणि इथलेच झालो.

आमच्या कॉलेजात छोट्या मोटारी बनवणाऱ्यांचा एक क्लब आहे. प्लास्टिकचे सुटे भाग आणायचे, चिकटवायचे, आधी प्रायमर, म्हणजे अस्तर, मारायचं, मग रंग. शेवटी तळहाताएवढी मोटार अशी दिसली पाहिजे की आता हॉर्न वाजेल. क्लबचा प्रमुख मयंकभैया एकदा म्हणाला, "शनिवार को सब अपनी गाड़ी टेबल पर रखेंगे. जिसकी गाड़ी जमी, वो मेंबर. पहले किसी ने पेंट किया है?"

मी हात वर केला. एरवी वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात कानाच्या वर जात नाही. पण इथे विषय रंगाचा होता.

"हमारे घर में तो यही काम है," मी म्हणाले. (काम बाबांचं होतं. पण घर माझंही होतंच.)

शनिवारी घरच्यांनाही बोलावलं होतं. माझ्या अ‍ॅडमिशनच्या दिवशी बाबा माझी फाइल घेऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर चार तास उभे राहिले होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "मी कायले? तुझं काम आहे, तू जा." त्यानंतर आजवर ते फाटकाच्या आत आलेले नाहीत. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "बाबा, शनिवारी याल का? माझी गाडी टेबलावर असेल."

"मी येऊन काय करू तिथं?"

"गाडी बघायची."

दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, "तुझ्या बाबांनी शनिवारची रजा टाकली." आता गाडी टेबलावर असणं भागच होतं.

राजा पार्कमधल्या एका दुकानातून मी स्पोर्ट्स कारचा किट आणला. दुकानदाराने सोबत प्रायमरचा छोटा स्प्रे पुढे केला. "ये ले जाइए, प्लास्टिक वाला है. दूर से, हल्का-हल्का."

"नहीं भैया, प्राइमर घर में है," मी म्हणाले. आमच्याकडे प्रायमर होताच. पाच लिटरच्या डब्यात, लोखंडासाठी.

पहिली पायरी होती सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुण्याची. मी ते टबात भिजत घातले आणि कॉलेजला गेले. परत आले तर आईने सगळं धुऊन भांड्यांच्या टोपल्यात पालथं घातलं होतं.

"किती तेलकट होतं ते. चांगलं घासून काढलं."

"कशाने?"

"तारेच्या घासणीने. मतलब, नवीन होती हां घासणी."

बाकी भाग वाचले होते. समोरची पारदर्शक काच मात्र न्हाणीघराच्या खिडकीसारखी झाली होती. बाहेरचा उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आत ड्रायव्हर नाहीच आहे.

गाडी चिकटवून झाल्यावर बाबांनी ती हातात घेतली, बॉनेटवर नखाने टकटक केलं आणि कान लावला. "गंज नाही," ते म्हणाले. तीस वर्षांची सवय. मग म्हणाले, "अस्तर चांगलं बसलं तर रंग बसते. आधी पुसून घे बरोबर."

कशाने पुसायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लहानपणापासून त्यांना थिनरच्या फडक्याने पत्रा पुसताना बघितलं होतं. बाबा ड्यूटीवर गेले, मी फडकं भिजवलं आणि पुसायला घेतलं.

सुरुवातीला गाडी फारच सुंदर चमकली. मग ती चिकट झाली. मग माझा अंगठा बॉनेटला चिकटला. तो ओढून काढला तेव्हा बॉनेटवर माझा ठसा उमटला होता, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट. छत हळूहळू मध्ये बसत गेलं आणि उशीवरून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं दिसायला लागलं.

मी घाबरले नाही. बाबा नेहमी म्हणतात की अस्तर सगळे दोष झाकतं. मी रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाच्या त्या लाल प्रायमरचा डबा उघडला आणि दोन इंची ब्रशने सढळ हाताने अस्तर दिलं. दोष झाकले गेले. त्यांच्याबरोबर दरवाजेही झाकले गेले. दाराच्या फटी, हँडल, समोरची जाळी, सगळं एकसंध लाल झालं. स्पोर्ट्स कार आता बाथरूमच्या साबणासारखी दिसत होती, आठवडाभर वापरलेल्या.

वाळायला ती गच्चीवर ठेवली. आपल्या जयपूरची मे महिन्यातली आंधी कुणाला विचारून येत नाही. अर्ध्या तासाने मी वर गेले तेव्हा गाडीवर इतकी वाळू बसली होती की तिच्यावर आगकाडी ओढता आली असती.

संध्याकाळी बाबांनी ती बघितली. बराच वेळ बघितली.

"थिनर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"प्लास्टिकले?"

"हो."

"कॉलेजात हे शिकवत नाहीत का?"

"पुढच्या सेमिस्टरला आहे," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी पॉलिश पेपर काढला आणि गाडी घासायला बसले. छत वर आलं नाही, पण वाळू गेली.

शुक्रवारी मी निळ्या रंगाचा स्प्रे आणला. दुरून हलका मारायचा हे दुकानदाराने सांगितलं होतं, पण दुरून मारलं की रंग वाऱ्यावर जायचा. म्हणून मी जवळून मारला. जवळून मारला तर ओघळ आले. ओघळ झाकायला पुन्हा दुरून मारला. हे मी डबा संपेपर्यंत केलं. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून शेखावत आंटींचा शांत आवाज आला.

"बेटा, ये मंगोड़ी तुमने रंगी है?"

आंटी दर उन्हाळ्यात मूगडाळीच्या मंगोड्या वाळत घालतात. आमच्या बाजूच्या दोन ओळी आकाशी झाल्या होत्या.

"सॉरी आंटी. मैं गाड़ी रंग रही थी."

"गाड़ी पे भी लगा कुछ?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी ठरवलं की बाबांना सांगायचं, येऊ नका. मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं. बाहेर आले तर बाबा लग्नाकार्याचा शर्ट इस्त्री करत होते. मला बघून म्हणाले, "फाटकावर आयडी मागतात का? रेल्वेचा चालते का?"

"चालतो," मी म्हणाले आणि आत गेले.

सकाळी उठले तर गाडीच्या कुशीवर, मागच्या चाकाजवळ, पांढऱ्या रंगात दोन ओळी लिहिलेल्या. वर गाडीचा नंबर, खाली रंग दिल्याची तारीख आणि परत रंगायला कधी आणायची ती तारीख. रेल्वेचा प्रत्येक डबा अशीच तारीख अंगावर घेऊन निघतो. आमच्या घरात पाण्याची टाकी, कूलर आणि आईची लोखंडी पेटी यांच्यावरही ती आहे.

"बाबा, ही स्पोर्ट्स कार आहे!"

"मग? तारीख लिहिल्याशिवाय यार्डातून काही बाहेर काढायचं नसते," ते म्हणाले. जोडे घालून तयारच होते.

कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर बारा मोटारी होत्या. अकरा आरशासारख्या. बाबा दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. मयंकभैया भिंग घेऊन एकेक गाडी बघत माझ्या गाडीपाशी आला आणि थांबला.

"ये एक्सीडेंट वाला लुक दिया है?"

"नहीं भैया," मी म्हणाले, "एक्सीडेंट ही हुआ है. थिनर से."

दोन-तीन जण हसले. मी दाराकडे बघितलं नाही. भैयाने गाडी उचलून फिरवली, बहुधा टेबलाखाली ठेवायला, आणि त्याचं भिंग मागच्या चाकाजवळ थबकलं.

"ये डिकल कहाँ से मँगाया?"

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील अक्षर. इथल्या उन्हात ते तडकतं आणि टेबलावरच्या निम्म्या गाड्यांच्या नंबरप्लेट त्यामुळे कोऱ्याच होत्या.

"डिकल नहीं है. बाबा ने ब्रश से लिखा है."

"ब्रश से? चावल के दाने जितना अक्षर?"

तो स्वतःची गाडी घेऊन सरळ दाराशी गेला. "अंकल, इस पर नंबर लिख देंगे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग खिशातून पेनासारखा ब्रश काढला. (ब्रशचा खिसा इस्त्रीच्या शर्टालाही असतो.) उभ्या उभ्या, हात न टेकवता, त्यांनी नंबर लिहिला. भैयाने भिंगातून बघितलं आणि खुर्ची आणली. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली, रांग लागली. कुणीतरी चहा आणला. बाबा हॉलच्या बरोबर मध्ये बसून, चष्मा नाकावर घेऊन, मुलांना सांगत होते, "हात मत हिलाओ, साँस रोको, बस." मी त्यांच्यासाठी पांढऱ्या रंगाची बाटली धरून उभी होते.

शेवटी भैया म्हणाला, "अंकल, हर शनिवार आइए ना. क्लब में सबको सिखाइए."

बाबांनी ब्रश पुसला. "मी तर... मैं तो इसके साथ आया हूँ. ये क्लब में रहेगी तो मैं आऊँगा."

भैयाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, मग पुन्हा बाबांकडे.

"ठीक है," तो म्हणाला, "पर थिनर अंकल के पास रहेगा."

तेव्हापासून मी क्लबची मेंबर आहे. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजचं तोंड बघितलेली मी एकटीच, आणि त्या कॉलेजातल्या क्लबात मात्र मला वडिलांच्या वशिल्यानेच शिरावं लागलं.