अक्काचा रिकामा रकाना

अक्काच्या कपाळावर टिकली क्वचितच असायची. ती तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर असायची. मरून रंगाची, चांगली ठसठशीत. सणासुदीला कपाळावर हवी असली, तर ती पाकिटातून दुसरी काढायची, पण कॅमेऱ्यावरची हलवायची नाही. सोलापुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती सगळ्यांत जुनी. घर तेलुगू विणकरांचं, पण भांडायची अस्सल सोलापुरी मराठीत.

संशय तिच्या अंगातच होता. कुणी पेढे आणले की आधी विचारायची, "कशाचे?" आणि उत्तर मिळालं तरी पेढा हातात धरून बसायची. सरांनी केबिनमध्ये 'सहज' बोलावलं की म्हणायची, "सहज कुणी बोलवत नसतंय रे." आम्ही हसायचो. पण आपल्या मोबाइलवर कुठलं नवं ॲप घ्यायचं झालं, की गुपचूप तिलाच विचारायला जायचो.

एका टॉवेल कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथं कडा शिवणाऱ्या बायका तयार गठ्ठ्यांची नोंद मोबाइलवर करायच्या. मालकांना त्या नोंदीत एक रकाना वाढवून हवा होता: गठ्ठा कोणी शिवला. "ऐच्छिक ठेवा. जबरदस्ती नको," मालक गोड आवाजात म्हणाले. सर खूश झाले. अक्काने मान तिरकी केली.

"रिकामा सोडला तर काय हुतंय?"

"काहीच नाही."

"मग हवाय कशाला?"

मालक हसून सरांकडे वळले, "कधीपर्यंत होईल?"

कारखान्यातली रीत आम्ही पाहिली होती. मजुरी सगळ्या बायकांची मिळून यायची आणि त्या सारखी वाटून घ्यायच्या. नरसम्मा त्यांच्यात म्हातारी, नजर पार अधू झालेली. तिच्या वाटणीचे टॉवेल शेजारच्या बायका बोलता बोलता शिवून टाकायच्या. गठ्ठ्यावर नावं आली, की नरसम्माच्या नावापुढे काही दिसणार नव्हतं आणि तिला घरी बसावं लागणार होतं.

"माझ्या आईलाबी असंच गोड बोलून काढलं," अक्का चहाच्या गाड्यावर म्हणाली आणि कप आपटून ठेवला. अक्काच्या आईविषयी मी तेवढं एकदाच ऐकलं.

रकाना अखेर तिनेच बनवला. बायकांना शिकवायलाही तीच गेली, मला सोबत घेऊन. तिथं तिने एवढंच सांगितलं, "ह्यो रकाना कुणीच भरायचा नाय. एकीनं भरला, की बाकीच्या उघड्या पडत्यात. कळलं?" बायकांनी माना डोलावल्या. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "एक तरी भरणारच, बघ तू." मग रोज सकाळी आल्या आल्या नोंदी उघडून बघायची. रकाना रिकामाच. आपला संशय खोटा ठरल्यावर इतकी खूश झालेली अक्का मी पहिल्यांदाच पाहिली.

मालकांची तक्रार आली. सरांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "बायकांना हे कोणी शिकवलं?" सर माझ्याकडेच बघत होते, कारण शिकवायला मीही गेलो होतो. आमच्याकडे नोंदींत असा रकाना वाढवला, की करणाऱ्याला तिथं आपलं नाव आणि कारण लिहायची सोय आहे. तीही ऐच्छिकच. अक्काने तिथं आजवर कधी नाव घातलं नव्हतं. तिने लॅपटॉप ओढला, आपलं पूर्ण नाव टाइप केलं आणि त्यापुढे लिहिलं, 'रिकामा ठेवायला मीच सांगितलं.' मग स्क्रीन सरांकडे वळवली.

महिनाअखेरीस सरांनी तिला 'सहज' बोलावलं. निरोपाला पेढे होते. या वेळी तिने 'कशाचे' म्हणून विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि सरांचा राग आला तो आजही गेलेला नाही.

परवा कारखान्यात गेलो होतो. गोड बोलणारे मालक आता आम्हाला चहा देतात, आणि मी तो निवेपर्यंत हातात धरून बसतो. शिलाई खात्यात नरसम्मा आपल्या जागेवर होती. माझ्या आवाजावरून तिने मला ओळखलं, बाही धरून जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली,

"अक्काला सांग की, अजून कुणी भरलं नाय."